वाचकांचे प्रश्न : ड्रॅगन राहू दे, आधी दफ्तर दाखवा

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की परक्यांचं राज्य, वसाहती, लूट, गुलामी हे सगळं जादूच्या गोष्टींत कसं येतं यावर प्रश्न पाठवा. वाटलं होतं चार-पाच येतील, पण कोल्हापूरकर ते कोल्हापूरकर, पत्रांचा ढीग लागला आणि निम्म्यांत प्रश्नच नाही, नुसतं भांडण. ती बाजूला ठेवलीत. बाकीच्यांतली ही काही.

प्रश्न : मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सध्या साम्राज्यावरच्या फँटसी कादंबऱ्यांचं वेड लागलंय. पप्पा म्हणतात, इंग्रजांनी काय केलं हे कळून घ्यायचं तर इतिहास वाच, जादूच्या पुस्तकात काय ठेवलंय. त्यांना काय सांगू? (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : पप्पांशी भांडू नकोस, इतिहास वाचायला लागतोच. फक्त त्यात एक अडचण असते, आपल्याला शेवट आधीच माहीत असतो. १८१८ ला पेशवाई बुडणार, १९४७ ला इंग्रज जाणार हे डोक्यात धरूनच आपण वाचतो आणि मग मधली माणसं उगाच मूर्ख वाटायला लागतात, अरे यांना दिसत कसं नव्हतं, वखार कशाला काढू दिली, करारावर सही कशाला केली वगैरे वगैरे. काल्पनिक देशात ही सोय नसते. तिथं पुढं काय वाढून ठेवलंय हे आपल्यालाही ठाऊक नसतं, त्यामुळं आपणही त्या माणसांबरोबर फसतो.

सेथ डिकिन्सनची 'द ट्रेटर बारू कॉर्मोरंट' ही २०१५ ची कादंबरी मिळाली तर बघ. एका बेटावरची पोरगी आहे, बारू नावाची. मुखवटेवाल्यांच्या साम्राज्याची जहाजं बेटावर येतात ती व्यापाराला. बाजारात नवा माल येतो, मग कागदी पैसा येतो, मग शाळा येते, आणि पोरगी हुशार म्हणून तिला त्या शाळेत घालतात. तिला शाळा आवडते, वाचताना आपल्यालाही आवडते. तिच्या घरी एक आई आणि दोन वडील, ही त्या बेटाची रीत, आणि नव्या राज्याच्या नजरेत ही रीत म्हणजे घाण. पुढं तिचा एक बाप नाहीसा होतो. तरी ती त्याच साम्राज्याची परीक्षा देते आणि लांबच्या एका प्रांतात त्यांची हिशेबनीस म्हणून जाते. जादू म्हणावी अशी जादू या पुस्तकात जवळजवळ नाहीच. लढाया आहेत, पण खरा दणका बसतो तो चलनाची किंमत कोसळल्यावर, कर्ज कुणी कुणाला दिलं आणि सारा कशात भरायचा यावर माणसं मरतात. पप्पांचा मार्केट यार्डाशी काही संबंध असेल तर सरळ त्यांच्याच हातात हे पुस्तक दे, तुझ्याआधी वाचून संपवतील.

प्रश्न : सह्याद्रीतल्या एका काल्पनिक राज्यावर कादंबरी लिहितोय. राजघराण्याकडं अग्निविद्या आहे, समुद्रापलीकडून गोरे राक्षस येतात, शेवटी महायुद्ध. दीडशे पानं झाली. पण माझे राक्षस नुसते ओरडतात, वाचणाऱ्या मित्राला भीतीच वाटेना. काय चुकतंय? (एक लेखक होऊ बघणारा, गडहिंग्लज)

उत्तर : दादा, तुमचे राक्षस हल्ला करतात ना, तिथंच गडबड आहे. आपल्याकडं आले ते करार घेऊन आले. आणि तुम्ही गडहिंग्लजला राहता म्हणजे सामानगड तुमच्या उशाशी आहे, तुम्ही समुद्रापलीकडं कशाला बघताय?

थोडक्यात सांगतो, कादंबरीला उपयोगी पडेल एवढंच. १८१२ ला कोल्हापूरनं इंग्रजांशी तह केला, मालवण त्यात गेलं. गादी आपलीच, छत्र आपलंच, राजाही आपलाच राहिला. १८३८ ला बुवासाहेब महाराज वारले, मागं वारस वयानं लहान. मग कारभार नीट चालावा म्हणून इंग्रजांनी दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी नेमलं. कारभार नीट चालावा म्हणून, हे शब्द नीट बघा, कुणाला वाईट वाटेल का? त्या नव्या व्यवस्थेत गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदाराच्या ताब्यात जायला लागल्या. गडकरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गड राखणारी माणसं, त्या बदल्यात त्यांना जमीन. वहीत एक नोंद बदलली आणि त्यांचं जगणंच गेलं. १८४४ ला सामानगडावर बंड पेटलं, भुदरगड, पन्हाळा सगळीकडं पसरलं. इंग्रजांनी तोफा लावून ते मोडलं, पन्हाळ्याचा चार दरवाजा पाडला, आणि बंड मोडायचा खर्च कुणाच्या नावावर टाकला, तर कोल्हापूर संस्थानच्याच. म्हणजे आपल्याच माणसांना मारायचं बिल आपल्यालाच. असा एक प्रसंग तुमच्या कादंबरीत येऊ दे, मग बघा मित्र घाबरतो का नाही.

अजून पुढं चला. डलहौसीच्या काळात साताऱ्याचं राज्य खालसा झालं १८४८ ला, कारण दत्तक मान्य केला नाही. कोल्हापुरात नंतर लागोपाठ तीन राजे दत्तक आले, राजाराम महाराज १८६६, चौथे शिवाजी महाराज १८७१ आणि शाहू महाराज १८८४. म्हणजे मांडीवर कुणाला बसवायचं हे साहेबाला विचारल्याशिवाय ठरत नव्हतं. आता हे तुमच्या अग्निविद्येला जोडा की. ती विद्या फक्त गादीच्या खऱ्या वारसालाच येते असं करा, आणि खरा वारस कोण हे ठरवणारा शिक्का परक्यांच्या टेबलावर ठेवा. झालं, आता त्यांना युद्ध करायची गरजच नाही. ज्याला विद्या येईल अशी भीती आहे त्याच्या कागदावर ते शिक्काच मारणार नाहीत. तुमचा नायक तलवार घासत बसेल आणि तिकडं एक कारकून शाई वाळायची वाट बघत असेल.

चौथ्या शिवाजी महाराजांची हकिगत तर तुम्हाला माहीत असणारच, तरी परत वाचा. पोरवयात गादीवर आणलं, साहेबी देखरेखीखाली वाढवलं, मग वेडे ठरवलं. त्यांच्या बाजूनं 'केसरी' आणि 'मराठा'त लिहिलं म्हणून टिळक-आगरकरांवर कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला, ज्या पत्रांच्या जोरावर लिहिलं होतं ती पत्रं बनावट निघाली, आणि दोघांना १८८२ ला डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढायला लागले. महाराज २५ डिसेंबर १८८३ ला अहमदनगरच्या किल्ल्यात गेले, ग्रीन नावाच्या गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर. वय विशीच्या आसपास. यात राक्षस कुठं आहे सांगा बरं? एक डॉक्टरी मत आहे, एक बनावट पत्र आहे, एक कोर्ट आहे, एक शिपाई आहे. प्रत्येकजण आपापलं काम करतोय. लेखक म्हणून मला यातलं सगळ्यात भारी काय वाटतं तर ते बनावट पत्र, कारण तिथं चांगल्या बाजूची माणसंसुद्धा कागदानंच फसली. तुमच्या कादंबरीत ते पत्र कुणी लिहिलं हे शेवटपर्यंत कळू देऊ नका.

आणि जादूची पद्धत शोधत असाल तर नकाशा घ्या. १८०२ पासून इंग्रजांनी मद्रासकडून भारत मोजायला घेतला, त्रिकोणावर त्रिकोण टाकत वर वर सरकत गेले, अर्ध्या टनाचं यंत्र माणसांच्या खांद्यावरून नेत. त्याचा प्रमुख लॅम्ब्टन १८२३ ला आपल्याच हिंगणघाटला मेला, कबर तिथंच आहे. जे मोजलं ते आपलं झालं, अशी विद्या तुमच्या परक्यांना द्या. गावकरी खुणेचा दगड रात्री दोन हात सरकवतात आणि सकाळी डोंगरच सरकलेला असतो, असं काहीतरी. ही कल्पना फुकट देतोय, वापरा.

फक्त एक सांभाळा. परक्यांच्या शाळेत शिकलेला प्रत्येकजण फितूर दाखवू नका. शाहू महाराजांना फ्रेझर नावाचा आयसीएस अधिकारी शिकवायला होता, त्याच महाराजांनी १९०२ ला संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्यांना ५० टक्के जागा राखून ठेवल्या. साम्राज्यानं दिलेलं हत्यार कोण कुठं वळवेल सांगता येत नाही. असं एक पात्र घाला, तुमची अडलेली दीडशे पानं तोच पुढं ओढून नेईल.

प्रश्न : 'बेबेल' वाचली. लई आवडली, पण ऑक्सफर्ड आणि चीनची गोष्ट, आपला काय संबंध? (एक वाचक, कसबा बावडा)

उत्तर : ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी, आर. एफ. क्वांग यांची ही २०२२ ची कादंबरी, काळ १८३० च्या आसपासचा, कँटनमधल्या एका अनाथ पोराला इंग्लंडला नेऊन ऑक्सफर्डमध्ये भाषांतर शिकवतात, कारण त्या जगात चांदीच्या कांड्यांवर दोन भाषांतले शब्द कोरले की जादू होते आणि त्या जादूवर इंग्रजांची जहाजं, गिरण्या, पूल सगळं चालतं. पोराला हळूहळू कळतं की आपण ज्या वाड्यात सुखानं राहतोय तो आपल्याच देशावरच्या युद्धाची तयारी करतोय. त्याचा जिवलग मित्र कलकत्त्याचा आहे, म्हणजे भारत पुस्तकात आहेच.

पण तुमचा प्रश्न आपला काय संबंध असा आहे, तर ऐका. चीनमध्ये जी अफू जात होती ती दोन ठिकाणची, एक बिहार-बनारसकडची कंपनीची, आणि दुसरी माळव्याची. माळवा म्हणजे शिंदे-होळकरांचा मुलूख. तिथली अफू मुंबई बंदरातून कँटनला जायची, आणि त्या व्यापारावर मुंबईतले भले भले उभे राहिले, सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीतही अफू आणि कापसाचा मोठा वाटा होता, त्याच पैशातून पुढं हॉस्पिटल झालं, कला शाळा झाली. १८३९ ला चिनी अधिकारी लिन झेशू यांनी वीस हजारांवर पेट्या अफू नष्ट केली आणि त्यावरून युद्ध पेटलं, १८४२ ला हाँगकाँग इंग्रजांकडं गेलं. म्हणजे त्या कादंबरीतला जो माल आहे त्यातला बराचसा आपल्या बाजूनं गेलेला. कुणीतरी मराठीत ही बाजू लिहायला पाहिजे राव, इंदूरचा सावकार, मुंबईचा दलाल, आणि अफूच्या गोणीत अडकून चीनला पोचलेलं एखादं माळव्यातलं भूत.

पुस्तकाबद्दल एक तक्रार माझीही आहे. लेखिकेला वाटतं वाचकाला कळणार नाही, म्हणून मुद्दा पात्राच्या तोंडी एकदा, संवादात एकदा आणि तळटिपेत एकदा. पण चांदीची कल्पना इतकी पक्की आहे की मी ते चालवून घेतो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. लहानपणापासून आफ्रिकेतल्या खजिन्याच्या, गुप्त राण्यांच्या इंग्रजी अद्भुत कादंबऱ्या आवडीनं वाचल्या. आता नातू म्हणतो, आजोबा, ते सगळं साम्राज्यवादी आहे. कपाट रिकामं करू का? (मंगळवार पेठ)

उत्तर : सर, कपाट अजिबात रिकामं करू नका, आणि नातू खोटंही बोलत नाही. तुम्ही म्हणताय त्या परंपरेचा मोठा लेखक रायडर हॅगार्ड. त्याची 'किंग सॉलोमन्स माइन्स' १८८५ ची. हा माणूस नोकरीला दक्षिण आफ्रिकेत होता आणि १८७७ ला इंग्रजांनी ट्रान्सवाल गिळलं तेव्हा प्रिटोरियात झेंडा चढवणाऱ्यांत तो स्वतः होता. मग त्याच्या गोष्टीत गोरी माणसं अनोळखी देशात जातात, तिथला दुष्ट राजा हटवून खरा राजा गादीवर बसवतात आणि हिरे खिशात घालून घरी येतात, यात नवल काय. वर दिलेलं गडहिंग्लजच्या दादांचं उत्तर वाचून परत ती कादंबरी उघडा. खरा राजा कोण हे ठरवणारा पाहुणा तुम्हाला लगेच ओळखू येईल.

आपल्या शिवाजी चौकात आधी गव्हर्नर विल्सनचा पुतळा होता, बेचाळीसच्या चळवळीत बायकांनी त्याला डांबर फासलं, शेवटी तो गेला आणि १९४५ ला महाराजांचा अर्धपुतळा आला. ते योग्यच झालं, पुतळा चौकात उभा राहून मान मागत असतो. पुस्तक कपाटात असतं, त्याच्या समासात पेन्सिलीनं शिव्या लिहिता येतात. नातवाला पेन्सिल द्या आणि दोघं मिळून वाचा.

प्रश्न : मराठीत असं काही आहे का हो, का सगळं इंग्रजीच? (एक गृहिणी, गंगावेश)

उत्तर : ताई, अद्भुताची हौस मराठीला पहिल्यापासून. हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ ची, पुढं नाथमाधवांची 'वीरधवल' १९१३ ची. राजपुत्र, भुयारं, गुप्त वाटा, सगळं आहे. बाहेर इंग्रजांचं राज्य आणि पुस्तकात इंग्रज औषधालाही नाही, यावर कुणी म्हणेल ही पळवाट आहे, मला वाटतं वाचणाऱ्याला निदान दोन तास तरी कलेक्टर नसलेल्या मुलखात राहायचं असेल.

थेट विषयाला भिडणारं म्हणाल तर जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा. इतिहासाचे प्राध्यापक अशा एका भारतात जाऊन पडतात जिथं पानिपत मराठ्यांनी जिंकलंय. ती विज्ञानकथा आहे, फँटसी नव्हे, पण त्या बदललेल्या देशातही मुंबईत कंपनी सरकार टिकून आहे ही त्यातली खोच मला फार आवडते, एवढं सगळं बदलूनही वखार काही गेली नाही.

आणि एक नाव घेतो त्यानं काहीजण दचकतील, महात्मा फुल्यांची 'गुलामगिरी', १८७३. ती कादंबरी नाही, प्रश्नोत्तरांचं पुस्तक आहे. पण त्यात फुले काय करतात बघा, मत्स्य, कच्छ, वराह, वामन या अवतारांची कथा घेतात आणि ती बळीराजाच्या मुलखावर बाहेरून आलेल्यांच्या स्वाऱ्यांची कथा म्हणून परत सांगतात. जिंकणाऱ्यांनी रचलेलं पुराण जिंकलेल्यांच्या बाजूनं उलटं वाचायचं. आज जगभरचे फँटसी लेखक जे करतात म्हणून त्यांचं कौतुक होतं ते आपल्याकडं दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात झालं, आणि पुस्तक अर्पण केलं होतं कुणाला तर गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. इतिहास म्हणून त्यातलं काय टिकतं काय नाही हा वेगळा वाद, तो इथं नको. कथा सांगायची रीत म्हणून बघा.

ही जुनी पुस्तकं करवीर नगर वाचन मंदिरात विचारा, १८५० चं ग्रंथालय आहे, अशी पुस्तकं असतील तर तिथंच.

प्रश्न : आपण सारखं इंग्रजांनी आमच्यावर केलं एवढंच लिहितो. मराठा साम्राज्यातल्या अन्यायावर कुणी फँटसी लिहिली तर? लोक सोडतील का? (नाव छापू नये)

उत्तर : नाव छापलं नाही. सगळे सोडणार नाहीत, पण प्रश्न एकदम रास्त आहे. १७४२ ते १७५१ नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर जात राहिल्या. कलकत्त्यात इंग्रजांनी मराठ्यांच्या भीतीनं खंदक खणायला घेतला, शेवटी बंगालचा नवाब अलीवर्दीखान यानं वर्षाला १२ लाख चौथाई कबूल केली. बंगालीत आजही आया लेकरांना बर्गी आले म्हणून झोपवतात, ते बर्गी म्हणजे आपले बारगीर, सरकारी घोड्यावरचे स्वार. त्या अंगाईतली आई सारा कुठून भरू म्हणून विचारते. आपण शाहिराचे पोवाडे ऐकत मोठे झालो, त्याच घोड्यांच्या टापा दुसऱ्या बाजूनं अशा ऐकू येतात.

यावर लिहायला फँटसीच सोयीची, कारण नावं बदलता येतात आणि वाचक आधी रडतो, मग ओळखतो. ताशा सुरी यांच्या 'द जॅस्मिन थ्रोन' मध्ये, २०२१ ची आहे, साम्राज्य समुद्रापलीकडचं नाहीच, शेजारचंच आहे, नावं, कपडे, देव सगळं आपल्या वळणाचं, आणि दाबलेला मुलूख छोटा, जंगलातला. तसं करा. फक्त पहिल्या पानापासून कुणाला तरी धडा शिकवायचा म्हणून लिहू नका, बारगिरालाही घरी पोरं असतात, दुष्काळ असतो, थकलेला पगार असतो, तेही येऊ दे. आणि हो, लिहून झालं की आमच्याकडं पाठवा, तेव्हाही नाव छापणार नाही.

प्रश्न : मुलगा अकरा वर्षांचा, ड्रॅगनचं वेड आहे. वरची पुस्तकं त्याला द्यावीत का? (एक आई, रंकाळा परिसर)

उत्तर : बारू आणि बेबेल आत्ता नको, अजून पाच-सहा वर्षं थांबा. क्वांग यांचीच 'द पॉपी वॉर' तर अजिबात नको, मुखपृष्ठावर पोरगी आणि धनुष्यबाण बघून लोक मुलांसाठी उचलतात, आत जपानी फौजेनं चीनमध्ये केलेल्या नानजिंगच्या कत्तलीवर बेतलेला भाग आहे, मोठ्यांनाही झेपत नाही. ड्रॅगनच पाहिजे असेल तर नेओमी नोविक यांची 'टेमरेअर' मालिका, नेपोलियनच्या काळातली युद्धं आणि दोन्हीकडं ड्रॅगनची पलटण. भाषा जरा जुन्या वळणाची आहे, सुरुवातीला तुम्ही वाचून दाखवा. चौथ्या भागात गोष्ट आफ्रिकेत जाते आणि तिथले ड्रॅगन आपली माणसं पकडून नेणाऱ्या गुलामांच्या व्यापाऱ्यांवर तुटून पडतात, तिथं तो प्रश्न विचारायला लागेल, तेवढी तयारी ठेवा. नारळीकरांची कथा मात्र आजच द्या.